निळा ठिपका सांगतो ते कोणाच्या भरवशावर?

मागच्या अंकात संपादकांनी मोबाइलच्या लोकेशनबद्दल प्रश्न मागवले आणि उत्तरं द्यायचं काम माझ्या गळ्यात घातलं. कारण एवढंच, की दूरसंचार खात्यातली माझी बरीचशी नोकरी टॉवरच्या मागे फिरण्यात गेली. जीपच्या टपावर चुंबकाने चिकटवलेला जीपीएसचा अँटेना, मांडीवर लॅपटॉप, शेजारी दोन-तीन चालू फोन, आणि रस्ताभर कुठे कोणत्या टॉवरचा सिग्नल किती मिळतो याची नोंद. आम्ही याला ड्राइव्ह टेस्ट म्हणायचो. त्यातून नकाशावरच्या ठिपक्याकडे जरा संशयाने बघायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

पत्रं वाचताना दिसलं, की लोकेशन म्हणजे जीपीएस असं बहुतेकांनी धरून टाकलंय. फोनला जागा सांगणारे तिघे असतात: उपग्रह, मोबाइलचा टॉवर आणि आसपासची वायफाय. ॲपच्या हाती पडतो तो या तिघांवरून बांधलेला अंदाज. त्या क्षणी अंदाज कोणाच्या भरवशावर होता, हे कळलं की अर्धं काम होतं.

प्रश्न : मॅडम, पीक पाहणीच्या ॲपमध्ये सोयाबीनचा फोटो काढायला शेतात उभा राहिलो तर ॲप म्हणतं तुम्ही गटापासून लांब आहात. पाय माझ्याच बांधावर! मुलाच्या फोनवर तेच ॲप मुकाट्याने चाललं. माझा फोन बिघडलाय का?
— एक शेतकरी, सिन्नर तालुका

उत्तर : दादा, फोन बिघडला असण्याची शक्यता मला फार कमी वाटते. आधी परवानगी तपासा. ॲप पहिल्यांदा उघडताना फोन लोकेशनबद्दल विचारतो, तिथे दोन चित्रं असतात, ‘अचूक’ आणि ‘अंदाजे’. अँड्रॉइड १२ पासून ही निवड आली. घाईत ‘अंदाजे’वर बोट पडलं असेल, तर फोन ॲपला तुमची जागा मुद्दाम ढोबळ करून देतो, साधारण तीन चौरस किलोमीटरच्या परिसरात कुठेतरी. त्यात तुमचा गटच काय, अख्खं गाव मावेल. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या परवानग्या उघडा आणि ‘अचूक स्थान वापरा’ हे बटण चालू करा. मुलाच्या फोनवर ते चालू असणार, असा माझा कयास.

ते आधीच चालू असेल, तर दुसरं कारण घाई. ॲप उघडल्या उघडल्या जी जागा दिसते ती बहुधा टॉवरवरून काढलेली असते, कारण ती लगेच मिळते. उपग्रहाला वेळ लागतो. प्रत्येक उपग्रह आपण नेमके कुठे आहोत हे सांगणारी माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो, आणि ती पूर्ण यायला साधारण अर्धा मिनिट अखंड ऐकावं लागतं. गावात इंटरनेट असतं तेव्हा हीच माहिती फोन नेटवरून क्षणात उचलतो. शेतात रेंज नसली की त्याला थेट आकाशातून ऐकत बसावं लागतं. त्यात तुम्ही चालताय, वर आंब्याची फांदी आहे, फोन खिशात आहे, तर ऐकणं मध्येच तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून मोकळ्या आकाशाखाली, विहिरीच्या पत्र्यापासून आणि झाडापासून दूर, गटाच्या साधारण मध्यावर जा. आधी नकाशाचं साधं ॲप उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसेल. फोनला स्वतःच्या अंदाजाबद्दल किती खात्री आहे ते या वर्तुळावरून कळतं. वर्तुळ मोठं असेल तर थांबा. ते आक्रसून ठिपक्याला चिकटलं की मग पीक पाहणीचं ॲप उघडा. मोकळ्या जागी चांगला फोन पाचेक मीटरच्या आत येतो. वर्तुळ लहान झालं तरी तुम्ही त्याच्या आत असालच अशी हमी नाही. फोन ते काढतो ते ‘तीनपैकी दोन वेळा तरी मी याच्या आत असेन’ अशा हिशेबाने.

हे सगळं करूनही गट शेजारच्या ओढ्यापलीकडे दिसत असेल, तर दोष नकाशात असू शकतो. आपले गाव नकाशे जुन्या शंकू-साखळीच्या मोजणीतले. कागदावरून ते संगणकात आले आणि मग उपग्रहाच्या चित्रावर बसवले गेले. बसवताना काही मीटर इकडचे तिकडे झाले असतील, तर तुमच्या फोनने कितीही अचूक जागा सांगितली तरी जुळणार नाही. अशा वेळी फोनशी भांडत बसू नका. वर्तुळ लहान असतानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मुदत संपायच्या आत तलाठ्यांना दाखवा.

प्रश्न : मी इगतपुरीहून रोज कल्याणला जातो. ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ॲप नेट बंद असताना आणि जीपीएस बंद असतानाही गाडी कुठे आहे ते सांगतं. मित्र म्हणतो ते नुसतं वेळापत्रक बघून सांगतं. खरं काय?
— रोजचा प्रवासी, इगतपुरी

उत्तर : पैज लावली असेल तर जिंकलात. ते ॲप टॉवर ऐकतं. हा माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

मोबाइलच्या प्रत्येक टॉवरवर साधारण तीन दिशांना तोंड करून अँटेना असतात. अशा एका तोंडाला आम्ही सेक्टर म्हणतो. प्रत्येक सेक्टर आपला ओळख क्रमांक सतत हवेत सोडत असतो. तुमच्याकडे डेटा पॅक असो वा नसो, फोनला तो ऐकावाच लागतो, नाहीतर कॉल येणार कसा? आता कोणी त्या मार्गाने जाऊन ‘कसारा स्टेशनवर हे क्रमांक ऐकू येतात, खर्डीला हे’ अशी यादी केली आणि ती तुमच्या फोनमध्ये ठेवली, तर पुढच्या वेळी नेट लागतच नाही. क्रमांक ऐकायचा, यादीत शोधायचा, स्टेशन सांगायचं. बंगळूरच्या सिग्मॉइड लॅब्ज नावाच्या छोट्या कंपनीने हे ॲप बनवलं आणि २०१८ च्या डिसेंबरात गूगलने ती कंपनी घेतली.

यातली खरी हुशारी वेगळीच आहे. टॉवरवरून काढलेली जागा एरवी फार ढोबळ असते. शहरात काहीशे मीटर, खेड्यात काही किलोमीटर. डोंगरावरचा टॉवर तर भलत्याच दरीत ऐकू येतो. पण आगगाडी रूळ सोडून जात नाही. ती कुठे आहे हे शोधायला सगळा नकाशा धुंडाळायचा नसतो, एकाच रेघेवर पुढे-मागे बघायचं असतं. म्हणून तीच ढोबळ माहिती रेल्वेला पुरते आणि तुमच्या स्कूटरला पुरत नाही. थळ घाटाच्या बोगद्यात ठिपका अडकतो आणि बाहेर आल्यावर एकदम उडी मारतो, हे तुम्ही पाहिलं असेल. बोगद्यात त्याला काही ऐकूच येत नाही.

आणि हो, जीपीएस बंद असलं तरी हे ॲप लोकेशनची परवानगी मागतं. त्यात लबाडी नाही. टॉवरचा क्रमांक वाचला की माणूस कुठे आहे ते कळतं, म्हणून अँड्रॉइड तो क्रमांकही लोकेशनच्याच परवानगीत धरतं. हे चोख काम आहे.

रेल्वेची स्वतःची सोय निराळी. इस्रोच्या मदतीने बनवलेली आरटीआयएस नावाची यंत्रणा इंजिनावर बसवतात. ती उपग्रहावरून जागा काढते आणि दर ३० सेकंदांनी नियंत्रण कक्षाला कळवते. सगळ्या इंजिनांवर ती बसेपर्यंत डब्यातल्या प्रवाशाचे डोळे म्हणजे टॉवरच.

जाता जाता एक. ‘टॉवर लोकेशनवरून आरोपी अमुक ठिकाणी असल्याचं उघड’ अशी बातमी वाचताना ही सेक्टरची गोष्ट आठवत जा. नुसत्या टॉवरवरून माणूस कोणत्या भागात होता ते कळतं. कोणत्या घरात होता ते कळत नाही.

प्रश्न : आम्ही नागपूरहून नाशिकला राहायला आलो. घरात बसलं की नकाशा मला नागपूरच्या जुन्या गल्लीत दाखवतो. बाहेर रस्त्यावर गेलं की नाशिक. हा काय चमत्कार?
— गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, जुना राउटर बरोबर आणलात ना? चमत्काराचं मूळ तोच. प्रत्येक वायफाय राउटरला एक कायमचा क्रमांक असतो. रस्त्याने जाणारे-येणारे फोन ‘या क्रमांकाची वायफाय इथे ऐकू आली’ असं गूगल, ॲपल अशा कंपन्यांना कळवत असतात आणि त्यातून त्यांच्या याद्या बनतात. तुमच्या राउटरचा पत्ता त्या यादीत अजून नागपूरचाच आहे. घरात उपग्रह ऐकू येत नाही, म्हणून फोन त्या यादीवर विसंबतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोन आपोआप नवी नोंद करतील. काही दिवस जाऊ द्या. जवळ दुसऱ्या वायफाय असल्या तर लवकर सुधारतं, एकाकी बंगला असेल तर उशिरा.

वायफायचं बटण बंद केलं तरी फोन हे ऐकणं थांबवत नाही, हेही लक्षात असू द्या. लोकेशनच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय स्कॅनिंग’ म्हणून वेगळं बटण असतं.

प्रश्न : जीपीएस चालू ठेवलं की उपग्रहावरून अमेरिकेला आपण दिसतो का? नेटचा पॅकही संपतो असं ऐकलं.
— ज्येष्ठ नागरिक, मिरज

उत्तर : नाही काका. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि ते फक्त बोलतात. आकाशवाणीवर बातम्या देणाऱ्याला मिरजेत कोण ऐकतंय ते कळत नाही, तसंच हे. फोन चार उपग्रहांचे वेळेचे इशारे ऐकतो, कोणता किती उशिरा पोहोचला ते मोजतो आणि गणित स्वतः करतो. आता त्यात रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रह असतात, आणि फोनमध्ये सोय असेल तर ‘नाविक’ या आपल्या भारतीय यंत्रणेचेही.

नेटचा पॅक खातो तो नकाशा. आणि आपण कोणाला दिसतो ते उपग्रह ठरवत नाही. फोनने काढलेली जागा कोणतं ॲप नेटवरून कुठे पाठवतं, त्यावर ते ठरतं. पुढचं पत्र त्याबद्दलच आहे.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात शिकते, एकोणीस वर्षांची. फोन उचलत नाही, विचारलं की चिडते. तिला न कळता तिच्या फोनमध्ये लोकेशन दाखवणारं ॲप टाकता येईल का? दिवाळीला घरी येईल तेव्हा फोन हातात मिळेल. मला फक्त ती सुखरूप आहे एवढंच हवंय.
— एक आई, लातूर

उत्तर : ताई, तुमची काळजी कळते. पण ते ॲप कसं टाकायचं ते मी सांगणार नाही, आणि तसं सांगणारा कोणी भेटला तर त्याचं ऐकू नका.

आधी निव्वळ तांत्रिक कारण. लपून बसणारी ही ॲप्स प्ले स्टोअरवर सहसा मिळत नाहीत. ती टाकताना फोनचं संरक्षण, प्ले प्रोटेक्ट, बंद करायला सांगतात. मग ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ती एकदा दिली की त्या ॲपला पडद्यावरचं सगळं वाचता येतं: बँकेचे ओटीपी, मैत्रिणींचे मेसेज, फोटो. हे सगळं कोणत्या देशातल्या कोणत्या संगणकावर जातं ते ना तुम्हाला ठाऊक, ना मला. मुलीच्या रक्षणासाठी तुम्ही तिच्या फोनचं दार एका अनोळखी माणसाला उघडून द्याल.

दुसरं कारण असं, की ती सज्ञान आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की त्याने गूगल मॅपवर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दिसेल अशी ठेवावी. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने ती अट काढून टाकली. जामिनावर सुटलेल्याच्या हालचालींवर पोलिसांना अशी सतत नजर ठेवू देणं म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या खासगीपणाच्या हक्कावर घाला, असं त्यांनी धरलं. आरोपीला जो हक्क आहे तो तुमच्या लेकीला नसेल का?

आता करण्यासारखं. दिवाळीला ती आली की समोर बसून बोला आणि देवाणघेवाण करा. तुमचंही लोकेशन तिला द्या. बापाचं आणि आईचं रोजचं फिरणं मुलीला दिसू लागलं, की पाळत वाटत नाही. चोवीस तास मागू नका. रात्रीच्या बसने येणार असेल तेव्हा व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन द्यायला सांगा. त्यात १५ मिनिटं, एक तास किंवा आठ तास अशी मुदत असते आणि मुदत संपली की ते आपोआप बंद पडतं. पुणे ते लातूर आठ तासांत होतं.

तिच्या फोनमधला आणीबाणीचा इशारा मात्र तिच्याकडूनच चालू करून घ्या. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये पॉवरचं बटण पाचदा लागोपाठ दाबलं की तो सुरू होतो, ११२ ला फोन लावता येतो आणि ठरवलेल्या माणसांना जागा जाते. याचा उपयोग ठिपका बघत बसण्यापेक्षा जास्त आहे. ठिपका वसतिगृहावर दिसतोय म्हणजे मुलगी सुखरूप आहे असं नाही. फोन वसतिगृहावर आहे, इतकंच.

फोन न उचलण्याचं कारण लोकेशनमध्ये सापडणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

प्रश्न : औषध कंपनीत एमआर आहे. साहेबांनी माझ्या स्वतःच्या फोनवर हजेरीचं ॲप टाकायला लावलं, त्याला लोकेशन ‘नेहमी’ द्यायचं. रविवारी सासुरवाडीला गेलो तरी दिसतं. फेक जीपीएस टाकू का?
— अहिल्यानगर

उत्तर : फेक जीपीएस टाकू नका. ते डेव्हलपर ऑप्शनमधून चालतं आणि जागा बनावट असल्याची खूण अँड्रॉइड स्वतःच ॲपला देतं. हजेरीचं ॲप बनवणाऱ्यांना ते पुरतं ठाऊक असतं. नोकरी गेली तर माझ्या उत्तराचा दाखला चालणार नाही.

परवानगी ‘ॲप वापरताना’ अशी ठेवून बघा. डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरताना ॲप उघडून हजेरी लावता येते आणि ॲप बंद केल्यावर त्याला काही दिसत नाही. ‘नेहमी’शिवाय ॲप चालायलाच तयार नसेल, तर कंपनीच्या आयटीवाल्यांना वर्क प्रोफाइल द्यायला सांगा. त्यात कामाची ॲप्स बॅगेची खूण घेऊन वेगळ्या कप्प्यात बसतात आणि शनिवारी संध्याकाळी अख्खा कप्पा एका बटणाने थांबवता येतो. नोंद कोणत्या वेळेत होते आणि किती दिवस ठेवतात, हे ईमेलवर विचारा. तोंडी विचारलंत तर उत्तरही तोंडीच मिळेल.

प्रश्न : ट्रेक रेकॉर्ड करायला ॲप लावतो. घरी येऊन बघतो तर खिरेश्वरपासून हरिश्चंद्रगडापर्यंत एक सरळ रेघ! तोलार खिंड कुठे गेली? आणि वर रेंज नसते म्हणून असं होतं का? शिवाय अमेरिकेतला भाऊ उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र आणतो म्हणतोय, घेऊ का?
— जुन्नर

उत्तर : रेंजचा संबंध नाही. गडावर एकही टॉवर नसला तरी उपग्रह ऐकू येतातच. रेघ सरळ आली कारण फोनने ॲपला झोपवलं. पडदा बंद झाला, की बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी ॲप्स बंद करतो, आणि काही कंपन्यांचे फोन यात भलतेच उत्साही असतात. निघताना एक बिंदू मिळाला, वर पोहोचून तुम्ही फोन उघडलात तेव्हा दुसरा मिळाला. ॲपने दोन्ही जोडून टाकले.

सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीपुढे ‘अनिर्बंध’ निवडा आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवा. रेकॉर्डिंग चालू असताना वरच्या पट्टीत त्याची सूचना कायम दिसली पाहिजे. ती गेली तर रेकॉर्डिंगही गेलं. फोन विमान मोडवर टाकलात तर बॅटरी खूप वाचते, कारण रेंज नसलेल्या डोंगरात फोन टॉवर शोधण्यातच थकतो. विमान मोडवर जीपीएस चालतं. नकाशा मात्र घरूनच उतरवून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी ओसमँडसारखी ॲप्स त्यासाठी बरी, पायवाटाही दाखवतात.

गडावर चढणाऱ्या नळीच्या वाटेने जाणार असाल तर ठिपक्यावर विसंबू नका. दोन्ही बाजूंना कातळ असला की आकाशाची चिंचोळी पट्टीच उघडी राहते. त्यातून इशारे कड्यावर आपटून येतात, म्हणजे उशिरा येतात, आणि फोनला वाटतं आपण जरा पलीकडे आहोत. नळीत ते ‘जरा पलीकडे’ कड्याच्या हवेत असू शकतं. तिथे माहीतगार माणूस हवा.

भावाला नको म्हणून कळवा. नुसतं ऐकणारं जीपीएसचं यंत्र आणायला हरकत नाही. पण उपग्रहाशी बोलणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय आपल्याकडे बेकायदा आहे. विमानतळावरच अडचणीत सापडलेले परदेशी पाहुणे बातम्यांत येऊन गेलेत.

प्रश्न : अलिबागच्या पुळणीवर उभं राहून जीपीएस ॲपमध्ये उंची बघितली, उणे ६४ मीटर! मी बुडालो होतो का?
— पनवेल

उत्तर : तुमच्या ॲपने प्रामाणिक उत्तर दिलं. जीपीएसची उंची समुद्रापासून मोजलेली नसते. पृथ्वीचा एक गुळगुळीत, गणिती आकार धरलाय, त्यापासून ती मोजतात. खरा समुद्र त्या आकारावर बसत नाही. गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नसल्याने तो कुठे फुगतो, कुठे दबतो. सर्वांत मोठा दबलेला भाग आपल्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, श्रीलंकेच्या खाली, १०० मीटरहून जास्त खोल. त्याचा उतार आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो आणि कोकणात साठ-पासष्ट मीटरचा फरक पडतो. चांगली ॲप्स तो हिशेबात धरतात, साधी धरत नाहीत. अशाच ॲपने १,६४६ मीटरचं कळसूबाई दीड हजार आणि वर ऐंशीएक मीटर दाखवलं, तर शिखर खचलं असं समजू नका.

प्रश्न : वडील विसरतात. दोनदा घरातून निघून गेले, गावात लोकांनी ओळखून आणून सोडले. मुलगा म्हणतो त्यांच्या खिशात तो किल्लीला लावायचा ब्लूटूथ टॅग ठेवू. चालेल का?
— सांगोला

उत्तर : दादा, टॅग स्वस्त आहे आणि त्याची बॅटरी महिनोन् महिने चालते. पण त्यात जीपीएस नसतं. जवळून कोणाचा तरी फोन गेला तर तो फोन गुपचूप टॅगची जागा कळवतो. सांगोल्याच्या बाजारात हे चालेल. वडील रानाकडे, माळाच्या वाटेने निघाले तर तिथे फोन घेऊन कोण जाणार? टॅग शर्टाला जरूर लावा, पण एकट्या त्याच्यावर राहू नका.

सिमकार्डचं घड्याळ किंवा पेंडंट घ्या. घेताना ते कोणत्या नेटवर्कवर चालतं ते दुकानदाराला खोदून विचारा. स्वस्त यंत्रं नुसत्या टू-जीवर चालतात आणि जिओला टू-जी नाहीच, त्यामुळे जिओचं सिम घातलंत तर ते मुकं राहील. गावात कोणत्या कंपनीची रेंज रानापर्यंत पोहोचते ते बघून सिम ठरवा.

घराभोवती कुंपण आखायची सोय त्यात असते, म्हणजे बाहेर पडले की तुमच्या फोनवर सूचना येते. ते कुंपण दोनशे मीटरपेक्षा लहान ठेवू नका. घरात उपग्रह नीट ऐकू येत नाहीत, ठिपका बसल्या जागी भटकतो आणि खोट्या सूचना येत राहतात. चार-पाच खोट्या सूचनांनंतर घरचे फोन बघणंच सोडतात. चार्जिंगची वेळ रात्रीची ठेवा, पण वडील रात्री उठून जाणारे असतील तर ती दुपारी, कोणीतरी शेजारी असताना.

आणि बनियनच्या आतून कापडाची पट्टी शिवून त्यावर तुमचा नंबर लिहा. याला चार्जिंग लागत नाही. यंत्र कशासाठी आहे ते वडिलांना सांगा, विसरले तरी पुन्हा सांगा. न सांगता हाताला बांधलेलं घड्याळ ते काढून फेकतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

प्रश्न : आमची होडी पालघरहून खोल समुद्रात जाते. टॉवर सुटल्यावर फोनमधलं जीपीएस धरून चालतं का? किनाऱ्यावरच्यांना आम्ही दिसू का? आणि मासळी कुठे आहे त्याचे आकडे येतात, ते फोनमध्ये टाकले तर भलतीच जागा येते.
— सातपाटी

उत्तर : समुद्रासारखी जीपीएसला जागा नाही. झाड नाही, कडा नाही, सगळं आकाश उघडं. नकाशा आधी उतरवून ठेवलात तर फोन तुम्हाला तुमची जागा बरोबर सांगेल. पण किनाऱ्यावरच्यांना तुम्ही दिसणार नाही, कारण कळवायला टॉवर नाही. त्यासाठी इस्रोच्या तंत्रावरचा, उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी निरोप नेणारा ट्रान्सपाँडर आहे. १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांत एक लाख नौकांवर तो बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ ला तुमच्याच पालघरात झाली. होडीवर बसला नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागात आणि सोसायटीत चौकशी करा. फोन त्याची जागा घेऊ शकत नाही. ओल्या बोटांनी तो चालतही नाही.

आता आकड्यांचं. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागा येतात, त्या अंश आणि मिनिटांत असू शकतात. फोनचा नकाशा बहुतेक वेळा दशांश धरतो. १९ अंश ३० मिनिटं तुम्ही १९.३० असं टाकलंत तर चुकलं. अंशात मिनिटं ६० असतात, म्हणून ३० मिनिटं म्हणजे अर्धा अंश, आणि टाकायचं १९.५०. हा ०.२० चा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पाण्यावर तो सुमारे २२ किलोमीटर होतो. मिनिटांना ६० ने भागा आणि आलेला आकडा अंशांत मिळवा. पूर्व रेखांशालाही हाच हिशेब. किंवा ॲपच्या सेटिंगमध्ये अंश-मिनिटांची पद्धत निवडा आणि होडीवरच्या सगळ्या फोनमध्ये तीच ठेवा, तांडेलाच्या फोनमध्ये एक आणि खलाशाच्या फोनमध्ये दुसरी असं नको.